मामाच्या मांडवाची बुटकी केळ

मी काम करते त्या कारखान्यात झाडं उंच करायची पावडर बनते, ही गोष्ट आमच्या आईने सगळ्या खानदानात सांगितली आणि तिथून माझ्या डोक्याला शॉट सुरू झाला. आनंदनगरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. मोठमोठ्या टाक्यांमध्ये आम्ही एक बुरशी वाढवतो आणि तिच्या पाण्यातून जिबरेलिन नावाची पांढरी पावडर काढतो. ती द्राक्षवाले घेतात, घड सुटसुटीत आणि मणी लांब व्हावेत म्हणून. मी तिथे क्वालिटी कंट्रोलला आहे. काम एवढंच, की पावडर पावडरीसारखी आहे की नाही ते बघायचं आणि सही करायची.

पण लग्नात, बारशात, अगदी मयतालासुद्धा कोणी ना कोणी मला कोपऱ्यात गाठतंच. "आमच्या पोराची उंची राहिलीय गं, चिमूटभर दे की." मी म्हणते, अहो, ती झाडांची पावडर आहे. "मग काय झालं? आमचा पोरगा पण शाकाहारीच आहे." आता बोला! मी अंबरनाथ पूर्वेला राहते, रोज रिक्षाने कामावर जाते, आणि रिक्षावाल्यालाही मी कुठे काम करते ते सांगत नाही. तो स्वतःच बुटका असला तर?

तर मामा. माझ्या आईचा धाकटा भाऊ, सोनिवलीचा. आम्ही आगरी. मामाची जमीन रस्त्याच्या कडेपासून पार ओढ्यापर्यंत होती. भात व्हायचा, वाल व्हायचे, आणि बांधाबांधाला केळी. मग बिल्डर आले. सगळ्या गावाने विकली तशी मामानेही विकली. आता त्याच्या घराच्या मागच्या दारी उभं राहिलं की समोर थेट टॉवरची कंपाउंडची भिंत. भिंत आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये जो पट्टा उरलाय, तेवढी मामाची शेती. म्हैस बांधली तर वळणार नाही, एवढाच तो पट्टा.

आणि मामाच्या घराण्यात एक रीत आहे. मुलीच्या लग्नात मांडवाच्या दाराला केळीचे दोन खांब लावतात, ते सगळेच लावतात. पण आमच्याकडे ते विकत आणायचे नाहीत. बापाच्या जमिनीत वाढलेली केळ हवी. नवरदेव तिच्या खालून आत येतो आणि नवरी तिच्या खालून सासरी जाते. माझ्या आईच्या लग्नात आजोबांनी लावलेल्या केळी इतक्या उंच होत्या म्हणे, की पानं छपराच्या वर जाऊन वाऱ्याने फडफडत होती. आई हे इतक्यांदा सांगते, की ती पानं मीसुद्धा बघितलीत असं मला वाटतं.

मामाला एकच मुलगी. तिचं लग्न ठरलं ते बदलापूरच्या पलीकडच्या एका गावात, आणि माणसं कशी, तर सगळीच्या सगळी ताडमाड. नवरदेव दारातून येताना सवयीने मान वाकवतो, दार कितीही उंच असलं तरी. लग्न वैशाखात. मामाने आदल्या आषाढातच केळी लावल्या. पण गावात जुनी केळ कोणाकडे राहिली नव्हती, बांधच राहिले नव्हते तर केळ कुठून राहणार? मग मामा एका कृषी प्रदर्शनात गेला आणि टिश्यूकल्चरची रोपं घेऊन आला. लॅबमध्ये बाटलीत वाढवलेली. त्याला भारी कौतुक. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "बाटलीत जन्मलीय, पर वाढनार आपल्या मातीत."

मार्गशीर्षात मामाचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं घरात कोणीतरी गेलं.

"बाय, केळ वाढंना गो."

मी रविवारी गेले. मागच्या दारी पट्ट्याच्या दोन टोकांना दोन केळी उभ्या होत्या. उभ्या म्हणणं पण जास्तच, बसल्या होत्या. गुडघ्याच्या जरा वर. खोड जाडजूड, पानं आखूड आणि रुंद, एकमेकांच्या अंगावर चढलेली, कोबीच्या गड्ड्यासारखी. हिरवीगार, ठणठणीत, रोग नाही, कीड नाही. फक्त वर जायचं नाव नाही. मला खरं तर हसू फुटलं होतं, पण मामाचा चेहरा बघून मी ते गिळलं.

मामी मागून म्हणाली, "रोज तिला शेणखत, रोज तिला पानी. माझ्या लेकीला एवढं खायला घातलं नव्हतं यांनी."

मामा माझ्याकडे बघत नव्हता, केळीकडे बघत होता. "जमीन रुसलीय गो माझ्यावर," तो म्हणाला. "सगली विकली ना. आता उरलेल्या तुकड्यानं तोंड फिरवलंय."

गावात बोलणं सुरू झालंच होतं. सोनिवलीत असल्या गोष्टीला पाय नाही, पंख फुटतात. चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं होतं, की याच्या पोरीच्या मांडवाला बाल्कनीतल्या कुंडीतली केळ लावा, माती तर बिल्डरच्या घशात गेली. मामा त्या टपरीवर जायचा बंद झाला होता. गावासमोर एकदाच, निदान लेकीच्या लग्नात, स्वतःच्या मातीतलं काहीतरी उंच उभं करून दाखवायचं, एवढंच त्याला हवं होतं. आणि ते गुडघ्यावर अडलं होतं.

"मामा," मी म्हणाले, "जमीन-बिमीन काही रुसत नाही. हे हार्मोनचं काम आहे." आणि मी, क्वालिटी कंट्रोलची मॅडम, ओट्यावर बसून भाषण ठोकलं. म्हटलं, झाडाला उंच व्हायला आतून एक हुकूम लागतो. तो हुकूम म्हणजे जिबरेलिन. ते झाड स्वतःच बनवतं. ते आलं की पेशींवरचा ब्रेक सुटतो आणि पेशी लांब होतात. दोन पानांमधलं अंतर वाढतं आणि झाड वर जातं. काही झाडांना तो हुकूम पुरेसा बनवताच येत नाही, ती बुटकी राहतात. त्यांना बाहेरून दिला की भराभर उंच होतात. आणि आम्ही तेच बनवतो, मामा, तेच!

मामाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे खोडाला सांगायचा, वाढ."

"हो. म्हणजे, तसं केळीला ते खोड नसतंच. तुला जे दिसतं ना, ती एकात एक गुंडाळलेली पानांची बुडखं असतात. खरं खोड जमिनीत, कांद्यासारखं."

हे मी कशाला बोलले देव जाणे. मामा थिजला. जन्मभर ज्याने केळी लावल्या, त्याला कोणीतरी येऊन सांगत होतं, की बाबा रे, खोडच नव्हतं.  जेवताना वरण ओरपत तो मामीला म्हणाला, "खोड नाय म्हनते. मग आमी काय खांब म्हनून लावला?"

पुढच्या रविवारी मी साहेबांना विचारून जुन्या बॅचची उरलेली चिमूटभर पावडर घेऊन गेले. ही पावडर पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये कालवावी लागते. ते न्यायला मी विसरले. मामा म्हणाला, त्यात काय, आणि हळदीसाठी आणून ठेवलेली इंग्लिशची बाटली कपाटातून काढली. मी म्हटलं, अरे मामा, एवढी चांगली कशाला, ती केळ आहे. तर म्हणाला, "लेकीच्या लग्नाची केळ हाय. देशी पाजू काय?"

अशा रीतीने केळीला पेग मिळाला. मी पंपाने वरून, खालून, पोटात, सगळीकडे फवारा मारला. मामा हात जोडून उभा होता. पुढचे काही दिवस शेजारपाजारची पुरुषमंडळी उगीचच त्या पट्ट्याजवळ घुटमळत होती असं मामीने कळवलं.

आणि मग वाढायला लागलं. सगळं वाढायला लागलं. मामीने कडेला लावलेला झेंडू असा लांब झाला, की फुलं वाऱ्याने जमिनीला टेकायची आणि परत उभी राहायची. कोथिंबीर कमरेतून वाकली. मामीची तुळस टेकूला बांधावी लागली. दगडाच्या फटीतलं गवतसुद्धा डोकं वर काढून काय चाललंय ते बघायला लागलं. केळी सोडून त्या पट्ट्यातला एकूण एक जीव उंच झाला. केळी जागच्या हलल्या नाहीत.

आमच्या फवाऱ्याचा वारा भिंतीपलीकडे पण गेला होता. टॉवरच्या सोसायटीचे चेअरमन घरी आले. मूळचे उल्हासनगरचे, कापडाच्या धंद्यातले शेठ, तोंडाने हसरे. म्हणाले, "भाऊ, तुम्ही काय मारलं? आमचा लॉन दो दिन में इतना हो गया! मशीनवाला बोलतो, मी हे गवत कापणार नाही, याच्यात साप असेल." मामाने त्यांना चहा दिला आणि केळी दाखवल्या. शेठ दोन्ही केळींभोवती फिरून आले. मग हळूच म्हणाले, "सब के सब बढ़ गए, और जिसको बोला वो ही नहीं बढ़ा. माझ्या मोठ्या मुलाचं पण असंच आहे." त्या दिवसापासून ते मामाचे जिगरी झाले.

मला मात्र कळून चुकलं. असल्या बाटलीतल्या केळींमध्ये कधीकधी एखादं रोप जन्मापासूनच बिघडलेलं निघतं, आखूड आणि कोबीच्या गड्ड्यासारखं, आणि मामाच्या नशिबात दोन्ही तशीच आली होती. अशा रोपाला जिबरेलिन दिलं तरी ते दाद देत नाही. हुकूम पोचतो, पण ऐकणारं कोणी नसतं. मी मामाला समजेल अशा भाषेत सांगितलं: "हे बघ, एखादा जेवायला येत नाही, कारण त्याला हाकच मारलेली नसते. त्याला हाक मारली की येतो. आणि एखादा कानात ते हेडफोन घालून बसलेला असतो. त्याला गावभर ओरडून काही उपयोग नाही. तुझ्या केळी हेडफोनवाल्या आहेत. यात तुझ्या मातीचा काही दोष नाही."

मामाने मान हलवली. मला वाटलं, पटलं. छे! त्याने ऐकलं ते एवढंच, की केळीला ऐकू येत नाही. मग तो मोठ्याने बोलायला लागला. सकाळी उठून मागच्या दारी जायचा आणि गावाला जाग येईल अशा आवाजात केळीला झापायचा. "लाज वाटत नाय? लगीन आलंय तोंडावर!" मामी म्हणायची, अहो, लोकांना वाटतं तुम्ही मला बोलता. मग मामाने दुसरा उपाय काढला. उल्हासनगरच्या एका नर्सरीतून कुंडीतली उंचच्या उंच केळ आणली आणि या दोघींच्या मधोमध ठेवली. आदर्श म्हणून. "बघा. शिका जरा." मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगते.

शिवाय तो रोज जाऊन वितीने उंची मोजायचा आणि जाता-येता पानांवरून हात फिरवायचा. मी बोलून गेले, की झाडाला सारखं हाताळलं तर त्याने पण झाड आखूड राहतं, झाडाला स्पर्श कळतो, त्याचं जिबरेलिन कमी होतं. दुसऱ्या दिवशी तिथे पाटी लागली, 'हात लावू नये'. सगळ्यांत जास्त त्रास मामालाच झाला. पाटीसमोर हात मागे बांधून उभा राहायचा, आणि बोटं मागच्या मागे वळवळायची.

चैत्र सरला. केळी कशाबशा कमरेला आल्या आणि त्यातल्या एकीने कमाल केली, तिला केळफूल आलं. एवढ्याशा उंचीवरून ते खाली लोंबलं आणि थेट जमिनीला टेकलं. मामी म्हणाली, याची भाजी करते, निदान पोटाला तरी लागेल. मामा तिच्यावर असा खेकसला, की ती माहेरी जायची भाषा करायला लागली. लग्नाच्या घरात हे!

सगळ्यांनी त्याला समजावलं. उल्हासनगरच्या बाजारात हव्या तेवढ्या उंच केळी मिळतात, आण आणि लाव, कोण विचारतंय? डेकोरेशनवाला म्हणाला, काका, माझ्याकडे फायबरची केळ आहे, आतून लाइट पण लागते. मामा उठून गेला. मी त्याच्या मागे गेले तर तो पट्ट्यात उकिडवा बसला होता. म्हणाला, "बाय, तुझ्या आयेला माझ्या बापानं दिलं ते मी पोरीला देऊ शकत नाय. पैसा दिला, दागिना दिला, मांडव घातला. पर एक केळ देऊ शकत नाय. मना झोप नाय लागत गो." त्याचे डोळे भरले होते. मला इतका राग आला, त्या केळींचा, त्या बाटलीचा, माझ्या पावडरीचा, सगळ्याचा. मी म्हटलं, "लागतील. याच केळी लागतील मांडवाला. मी बघते."

आणि मी जे बघितलं ते असं. आमच्या भागात निळी प्लॅस्टिकची पिंपं ढिगाने मिळतात, एमआयडीसीतल्या केमिकलची. दोन पिंपं आणली, धुतली, उलटी केली. केळी मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट काढून गोणपाटात बांधल्या आणि पिंपावर चढवल्या. आता पिंपाची उंची अधिक केळीची उंची, दार तयार! पिंपावर कवटीचं चित्र आणि 'धोका' लिहिलेलं होतं, त्यावर मामीने जरीचं कापड गुंडाळलं. मामा लांब जाऊन बघून आला. म्हणाला, "खालून माती दिसते ना?" मी म्हटलं, दिसते. गोणपाटातून ती खरंच दिसत होती, तांबूस, ओली. "मग झाला," तो म्हणाला, आणि कित्येक महिन्यांनी टपरीवर जाऊन चहा पिऊन आला.

लग्नाच्या दिवशी सगळं छान चाललं होतं, बेंजो पार्टी येईपर्यंत. नवरदेवाकडच्यांनी बेंजो आणला होता, बरोबर ट्रकभर स्पीकर. मिरवणूक दारात आली आणि त्यांनी जो ठोका सुरू केला, त्याने माझ्या दातांत कळ गेली. रिकामी पिंपं ती, ठोक्याबरोबर थरथरायला लागली. मग चालायला लागली. एक पिंप डावीकडे, एक उजवीकडे, जरीचं कापड नेसून, डोक्यावर केळ घेऊन, बेंजोच्या तालावर सरकत निघालं. पाहुण्यांना वाटलं आम्ही हे मुद्दाम केलंय. लोकांनी मोबाइल काढले. कोणीतरी शिट्टी मारली.

केळफुलवाली केळ झुकली तेव्हा मामा धावला. त्याने ती हवेत झेलली आणि खांद्यावर घेतली. दुसरी माझ्या बाजूला होती. मी पैठणीत होते, केस सेट केलेले, आणि मला विचार करायला वेळच नव्हता, मी ती मिठीत धरली. कापड सुटून एक पिंप गडगडत बेंजोवाल्यांच्या पायात गेलं, कवटी वर करून. वाद्यं थांबली.

दाराच्या एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला मी, दोघांच्या खांद्यावर केळ. आणि मध्ये ताडमाड नवरदेव, फेट्याच्या तुऱ्यासकट. सगळं गाव बघत होतं. टपरीवरची सगळी तोंडं पण त्यात होती. मामाचा चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा फुगलेल्या. तो ओरडला, "या जावईबापू! आत या! आमच्या मातीतली हाय!"

नवरदेवाने एकदा मामाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग त्या बिचाऱ्याने फेटा काढून हातात घेतला, गुडघ्यात वाकला, आणि खालून आत गेला. हसायची हिंमत कोणाची झाली नाही. मला मात्र हुंदका आला की हसू, ते अजून सांगता येणार नाही. नाकात पान गेलं होतं.

आता केळ खाली ठेवायची ना? नाही! मामा म्हणाला, पोर खालून बाहेर पडेपर्यंत केळ खाली येणार नाही, रीत आहे. "अरे मामा, कन्यादान कोण करणार मग?" हा प्रश्न कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. भटजी आतून हाका मारत होते. शेवटी टॉवरचे शेठ पुढे आले, कोट काढला, आणि म्हणाले, "द्या भाऊ, मी धरतो. मी पण पडोसी आहे, थोडी माती माझी पण." मामा त्यांना केळ देऊन आत पळाला, मंगलाष्टकं झाली, कन्यादान झालं, आणि तो धावत परत येऊन आपल्या जागी खांब म्हणून उभा राहिला. शेठच्या शर्टावर केळीचा चीक लागला होता. तो डाग जात नाही, हे त्यांना कापडवाले असून ठाऊक नसावं, किंवा असेलही.

मी माझी केळ मध्ये दोनदा खुर्चीवर टेकवली. मामा बघत नसताना.

संध्याकाळी पाठवणी. मामेबहीण सगळ्यांच्या पाया पडत, रडत दारापर्यंत आली. मामीच्या गळ्यात पडली, माझ्या आईच्या गळ्यात पडली. मग बापासमोर उभी राहिली. आणि बापाचे दोन्ही हात केळीला. तिने वाकून नमस्कार केला. मामाला तिच्या डोक्यावर हात ठेवता येईना. तो नुसता उभा, गालांवरून पाणी वाहतंय, आणि ते पुसायला पण हात मोकळा नाही.

"बाबा, खाली ठेवा ती," ती म्हणाली.

"तू आधी खालून जा."

"बाबा, ठेवा ना."

"जा गो बाय. एवढीच वाढली. माफ कर बापाला. एवढीच जमीन राहिली होती."

ती खालून गेली नाही. तिने बापाच्या खांद्यावरची केळ दोन्ही हातांनी उतरवली, शालूसकट, दागिन्यांसकट, आणि छातीशी धरली. मग ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "ही आपल्यासोबत येणार." तिथे सासरची सगळी उंच माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. नवरदेव पुढे झाला, तिच्या हातून केळ घेतली आणि फुलांनी सजवलेल्या गाडीत मागच्या सीटवर बसून मांडीवर ठेवली. केळफूल त्याच्या बुटांवर लोंबत होतं. दार लागलं. एक पान तेवढं खिडकीबाहेर राहिलं. साधी केळ असती तर टेम्पो करावा लागला असता.

मामाचे हात आता रिकामे झाले होते. पोरगी धावत परत आली आणि त्याच्या गळ्यात पडली, आणि त्याने तिला असं धरलं, की भटजींना मुहूर्ताची आठवण करून द्यावी लागली.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी मामा रस्त्यावरच उभा होता. मी माझी केळ दाराला टेकवून जवळ गेले. माझ्या पैठणीला चीक लागला होता, खांदा ठणकत होता, आणि मला त्याला काहीतरी चांगलं सांगायचं होतं. त्यानेच आधी विचारलं, "बाय, तिकडं जमीन पुष्कल हाय त्यांची. तिकडं तरी वाढंल का गो ती?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण मी सही करते ती खऱ्या गोष्टीवर करते. म्हटलं, "नाही मामा. जमीन कितीही असू दे. ती एवढीच राहणार."

मामाने उपरण्याने तोंड पुसलं. रस्त्याकडे बघत हवेतच वितीने काहीतरी मोजलं, आणि म्हणाला, "बरा हाय. म्हंजे पोर माहेरी येल तवा परत गाडीत मावंल."